सहीतला टेड

आज लंडनमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ब्रिटिश लेखक टेड विलिस यांचा सही केलेला फोटो हाती आला. कृष्णधवल, कोपरे झिजलेले. सही मात्र ठसठशीत: टेड विलिस. ब्रिटनमधले लॉर्ड सही करताना फक्त किताबातलं नाव लिहितात. इथे 'टेड' आहे, आणि मला तोच मोलाचा वाटला. टॉटनहॅमच्या कष्टकरी वस्तीतला हा मुलगा मजूर पक्षातर्फे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसला. लेखकांच्या संघटनेचं पहिलं अध्यक्षपदही त्यानेच सांभाळलं.

पण माझ्या मनात घर केलंय ते विलिसच्या जॉर्ज डिक्सनने. 'द ब्लू लॅम्प' या १९५० च्या चित्रपटात हा साधा, गस्त घालणारा पोलीस गोळी लागून मरतो. विलिसनी त्याला १९५५ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेत पुन्हा उभं केलं. मोहल्ल्यातल्या माणसांना नावानं ओळखणारा, अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. मेलेल्या पात्राला असं परत आणायला माणसांवर जीव असावा लागतो. (नंतरच्या पोलीस मालिकांना तो फार भाबडा वाटला, मला नाही.)

फोटो विकत घेतला. मेल्यावर परत आलेला डिक्सन १९७६ पर्यंत पडद्यावर होता.