निरोप देता देता

समालोचन मी कानांनी शिकलो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून बोलू लागले की अख्खं मैदान डोळ्यांपुढे उभं राहायचं. ते थांबले की सगळा अंधार. त्यामुळे टीव्हीवर कबड्डीचं समालोचन करायला लागलो तेव्हा गप्प बसणं मला जमेचना. चढाई जेमतेम तीस सेकंदांची. एकदा मंचावरच्या सत्काराबद्दल मनाजोगतं वाक्य जुळून आलं होतं. ते पुरं करेपर्यंत डाव्या कोपरारक्षकाने घोटा धरला, पकड झाली, मैदान ओरडलं, आणि मी अजून शाल-श्रीफळातच. हेडफोनमधून निर्माता एवढंच म्हणाला, "चित्र बघा."

चित्र कसं बघायचं हे मला रिची बेनोंकडून कळलं. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार, ६३ कसोटींत २४८ बळी घेणारे लेगस्पिनर. खेळत असतानाच, १९५६ साली, त्यांनी बीबीसीत टीव्हीचं प्रशिक्षण घेतलं होतं. चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडायचं, हा त्यांचा नियम. आपल्याच देशाच्या संघाला 'आम्ही' म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

१२ सप्टेंबर २००५, ओव्हल. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस कसोटी मालिकेचा शेवटचा दिवस, आणि इंग्लंडच्या टीव्हीवरची बेनोंची ४२ वर्षं संपत होती. तिथलं थेट क्रिकेट यापुढे पैसे भरणाऱ्यांनाच दिसणार होतं; ते सर्वांना मोफत दिसायला हवं, या मताच्या बेनोंनी इंग्लंडमधला माईक खाली ठेवायचं ठरवलं. ते प्रेक्षकांचे आभार मानत होते. तुमच्या घरात येऊ दिलंत, ही वर्षं मजेत गेली, असं म्हणत असतानाच ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राने १५८ धावांवरच्या इंग्लंडच्या पीटरसनचा त्रिफळा उडवला. बेनोंनी त्याच दमात, फलंदाजाला मात्र मजा नाही, असं म्हणत वाक्य विकेटकडे वळवलं.

ते वळण मी किती वेळा ऐकलं असेल! ४२ वर्षांचा निरोप ओठांवर असताना डोळे चेंडूवर होते, म्हणून ते साधलं.

पुढच्या महिन्यात माझी शेवटची स्पर्धा. निरोपाच्या दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. दोन चढायांच्या मधे, बदली खेळाडू आत येईपर्यंत बोलून होतील, एवढ्याच.