कुंथलगिरीचा खवा

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचं तीर्थक्षेत्र आहे. डोंगरावरची मंदिरं पाहून लोक खाली उतरतात आणि पेढ्यांचे पुडे घेऊन घरी जातात. पण दोस्तांनो, पेढा येतो कुठून? ते बघायला आम्ही जवळच्या एका खव्याच्या भट्टीवर गेलो.

धग तर अशी, की बस्स! भल्या मोठ्या कढईत दूध उकळत होतं. भट्टीवाले मामा लांब दांड्याच्या उलथण्यानं ते सारखं ढवळत होते. “बघा करून,” म्हणत त्यांनी उलथणं माझ्या हाती दिलं. पाच मिनिटांत खांदे भरून आले. जरा हात थांबवला, तर मामा धावलेच. “अवो, थांबू नका! बुडाला लागलं की समदी कढई वाया!”

साधारण ४-५ लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. एका चुकीत किती दूध जाईल, करा हिशेब!

या भागात पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेतीला जोड गाई-म्हशींची. दूध काही तासांत नासतं. खवा थोडे दिवस टिकतो, दूरच्या बाजारात जाऊ शकतो. म्हणून तर इथे भट्ट्या पेटल्या. २०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता भलत्याच भागातल्या खव्याला हे नाव लावता येत नाही.

खव्यात साखर घालून, परतून मामांनी गरमागरम पेढा हातावर ठेवला. म्हणाले, “उद्या येता का कामाला?”

मी आपला पेढा तोंडात टाकला.