कल्याण ते बदलापूर, व्हाया फिलाडेल्फिया

प्रवासवर्णन म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर काश्मीर तरी उभे राहते, नाहीतर पॅरिस. कल्याण ते बदलापूर या चौदा किलोमीटरांचे प्रवासवर्णन लिहायला कोणी बसलाच, तर त्याचे स्नेही त्याला एखाद्या चांगल्या डॉक्टरचे नाव सुचवतील. योगायोग असा, की हा लेख डॉक्टरांविषयीच आहे. म्हणजे आज झालेल्या डॉक्टरांविषयी नव्हे. होऊ घातलेल्यांविषयी, आणि त्यांच्या परदेशाच्या ओढीविषयी.

या मुलुखात आगगाडी फार लवकर आली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, १८५४ साली कल्याणपर्यंत आणि १८५६ साली थेट खोपोलीपर्यंत ती धावू लागली. तेव्हापासून इकडच्या माणसाला सकाळी उठून दूर कुठेतरी जायचे आणि रात्री घरी परतायचे, हे वळण पडले आहे. नोकरी मुंबईला, शिक्षण मुंबईला, आजारी पडले तर मोठे इस्पितळही मुंबईलाच. त्यात एक नवी गोष्ट घडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत अंबरनाथचे नाव होते. डॉक्टर व्हायला आता दर वेळी दादर-परळची गाडी पकडायला नको. पण माणसाचे मन मोठे विचित्र. कॉलेज घराजवळ आले, तशी पोरांची नजर आणखी दूर गेली. ‘चार आठवडे जर्मनीला जाऊन येता येईल का?’ ‘अमेरिकेत एखाद्या इस्पितळात महिना-दोन महिने काढता येतील का?’ वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या कोणत्याही घोळक्यात आज हे प्रश्न ऐकू येतात. या प्रश्नांचे उत्तर शोधायला आपण कल्याणहून निघू.

कल्याणहूनच निघायचे, याला कारण आहे. या पट्ट्यातली पहिली परदेशी गेलेली वैद्यकीची विद्यार्थिनी याच गावची. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना जोशी. लग्नानंतर तिची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला आणि तान्ह्या मुलाला वेळेवर डॉक्टरी मदत मिळत नाही, हे दुःख त्या मुलीने नुसते उराशी धरले नाही. त्याचा प्रश्न केला. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर येथे भरसभेत उभे राहून तिने आपण अमेरिकेला का जातो हे लोकांना समजावून सांगितले. एप्रिलमध्ये तिने कलकत्त्याहून बोट धरली, ती जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली. वय अठरा. पती गोपाळराव बरोबर नव्हते.

आता जरा हिशेब करू. आनंदीबाईंना नुसते पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. तेवढ्या वेळात आजचा विद्यार्थी विमानाने जातो, महिनाभर शिकतो, समुद्रकाठी छायाचित्रे काढतो, आणि परत येऊन परीक्षेलाही बसतो! मुद्दा वेळेचा नाही, शिदोरीचा आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. सातासमुद्रापलीकडे जाऊन त्या अभ्यास करीत होत्या कल्याणच्या बाळंतिणीच्या खोलीचा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. एकाही दिवसाची नोकरी त्यांच्या हातून झाली नाही. तरीही आज कल्याणच्या फलाटावर गळ्यात स्टेथास्कोप टाकून उभी असलेली प्रत्येक मुलगी त्यांचे देणे लागते.

गाडी विठ्ठलवाडी सोडते आणि उल्हासनगर येते. हे गाव मुळी गाव नव्हतेच. कल्याणजवळची ही युद्धकाळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेले सुमारे एक लाख लोक इथल्या बराकींत राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून गावाचे नाव पडले. अजूनही इथले पत्ते कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. ज्यांनी जन्मभूमी गमावली त्यांनी परदेशाचे भय मात्र गमावलेले होते. सिंधी व्यापाऱ्याचा एक भाऊ इथे, तर दुसरा हाँगकाँगला, आणि मेहुणा लागोसला, हे इथे नवलाचे नाही. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा निम्मा घोर बिऱ्हाडाचा असतो, तो इथल्या पुष्कळ घरांत एका टेलिफोनवर मिटतो.

याच गावाने आपल्याला एक अस्सल विनोद दिला आहे. इथल्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असा शिक्का असे, आणि विचारले तर उत्तर मिळे, ‘बरोबरच आहे, उल्हासनगर सिंधी असोसिएशन!’ उल्हासनगरकर स्वतःच तो हसून सांगतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तो पाठ करून ठेवावा. कारण परदेशच्या चार आठवड्यांचेही असेच होऊ शकते. माल इथलाच, ज्ञान इथलेच, वर फक्त शिक्का तिकडचा!

तेव्हा शिक्का कोणता आणि शिक्षण कोणते, हे ओळखायला शिकले पाहिजे. परदेशातल्या अल्पमुदतीच्या शिक्षणाचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एकात विद्यार्थी नुसता पाहतो. डॉक्टरांच्या मागे उभा राहतो, ऐकतो, टिपणे घेतो. रोग्याला हात लावायची परवानगी नसते. याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. दुसऱ्यात तो पथकाचा भाग होतो. रोग्याची हकीकत विचारतो, तपासतो, आणि आपले मत वरिष्ठांपुढे मांडून त्यांच्याकडून झोडपून घेतो. ही इलेक्टिव्ह किंवा क्लर्कशिप. अमेरिकेत हा दुसरा प्रकार बहुधा शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे अजून पदवी न घेतलेल्या, विद्यार्थ्यालाच मिळतो. पदवी हातात पडली की दार निम्मे लागते. म्हणून ज्याला जायचे त्याने तिसऱ्या वर्षीच चौकशीला लागावे.

पैशांची अडचण असणाऱ्यांसाठी एक जुनी, सरळ वाट आहे. १९५१ साली कोपनहेगनला वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. महायुद्धाची राख पुरती निवली नव्हती, तेव्हा या पोरांनी ठरवले की आपण एकमेकांच्या इस्पितळांत जाऊन शिकायचे. पद्धत आपल्या साटेलोट्यासारखी. इथून एक तिकडे जाणार, तिकडून एक इकडे येणार. मुदत साधारण चार आठवडे. राहण्याची सोय आणि दिवसातून एक वेळचे जेवण यजमानांकडे. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. भारतातल्या विद्यार्थ्यांची संघटनाही यात आहे. शिवाय आपल्याकडे २०१९ पासून वैद्यकीच्या अभ्यासक्रमातच ऐच्छिक शिक्षणाचा काळ ठेवला गेला आहे, त्यामुळे ही कल्पना आता प्राध्यापकांनाही परकी राहिलेली नाही. मात्र तो काळ परदेशात घालवलेला चालेल की नाही, हे आधी आपल्या कॉलेजातून लेखी घ्यावे. तोंडी होकाराला परीक्षेच्या दिवशी आवाज फुटत नाही.

बाकी यादी लग्नाच्या याद्यांइतकीच कंटाळवाणी आणि तितकीच अटळ. पारपत्र, व्हिसा, कावीळ व गोवर यांच्या लशींचे दाखले, क्षयाची तपासणी, विमा, आणि शिकवणाऱ्या डॉक्टरच्या सहीचे पत्र. त्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली, आणि काय करू देणार. ज्या पत्रात फक्त फीचा आकडा स्पष्ट असतो, ते पत्र घडी करून दिवाळीच्या फराळाखाली घालावे.

अंबरनाथ आले. एके काळी इथे स्वीडिश कंपनीने काढलेला आगपेट्यांचा कारखाना होता, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. पण स्टेशनातून उतरून वालधुनीच्या काठी गेलात, की शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे शिलाहारांचे शिवमंदिर समोर येते. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. बाहेरचा गलबला वरच राहतो. जाणकार सांगतात, की या शिखराची घडण भूमिज शैलीची, आणि ही शैली मुख्यतः माळव्याकडची. विद्या बाहेरून आली, पण दगड इथलाच, काळा. कारागिरांनी माळवा पाहिला असेल-नसेल. त्यांनी माळवा इथे आणून ठेवला नाही, अंबरनाथच घडवले. परदेशी शिकण्याचे याहून चांगले व्याख्यान कोणत्याही कॉलेजात मिळणार नाही, आणि त्याला फीही नाही.

मात्र मंदिराच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे पाहिले की मान खाली जाते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे पार गटार झाले. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात तिच्या पात्रात रासायनिक द्रव्य ओतले गेले, त्याच्या वाफांनी शेकडो माणसांना श्वास घेणे अवघड झाले आणि त्यांना इस्पितळांत न्यावे लागले. आता समजा, अंबरनाथचा एखादा विद्यार्थी महिनाभरासाठी जर्मनीला गेला. तिथे त्याने हृदयावरच्या दहा शस्त्रक्रिया दुरून पाहिल्या, तर तो गप्पांना विषय घेऊन येईल. पण कारखान्यातल्या कामगाराची फुप्फुसे कशी तपासतात, विषारी वायूची दुर्घटना झाली तर दारातच रोग्यांची वर्गवारी कशी करतात, कोणाची नोंद कशी ठेवतात, हे पाहून आला, तर तो वालधुनीकाठच्या माणसांना श्वास घेऊन येईल. दोन्ही विद्यार्थ्यांचे विमानाचे भाडे सारखेच!

गाडी पुढे निघते आणि डोंगर जवळ येऊ लागतात. बदलापूर. जुनी माणसे सांगतात, की इथे प्रवासी आणि स्वार घोडे बदलत, म्हणून बदलापूर. शिवाजी महाराजांच्या स्वारांचेही नाव त्यात घेतात. उल्हास नदी इथे एरवी शहाण्या सुनेसारखी वागते, पण २६ जुलै २००५ ला तिने गावात शिरून जे केले ते इथे कोणी विसरलेले नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. बोटींनी सगळे सुखरूप बाहेर काढले गेले.

पूर ओसरला की डॉक्टरांचे काम सुरू होते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस येतो. या आजाराच्या उग्र रूपाचे वर्णन हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल यांनी केले, तेही १८८६ साली, म्हणजे आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी. पण आज हा रोग नीट पाहायचा असेल तर हायडेलबर्गच्या विद्यार्थ्याला पावसाळ्यात आपल्याकडेच यावे लागेल! साटेलोट्याची दुसरी बाजू ही. आपण जसे जातो, तसे त्यांनीही यावे असे आपल्याकडे पुष्कळ आहे. सर्पदंश, विंचूदंश, क्षय, मलेरिया. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून जी निरीक्षणे केली, ती १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापली. प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रोगी वाचतात, हे त्यांनी पुढे जगाला दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात सुरू झालेले काम लंडनला पोचले. म्हणजे या रस्त्यावर गाड्या दोन्ही दिशांनी धावतात.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्याने आणि येणाऱ्यानेही गाठीशी बांधावी. जे काम आपल्या गावी करायची आपल्याला परवानगी नाही, ते परमुलुखातल्या गरीब रोग्यावर करून पाहू नये. रोगी हा काही पाहुण्याच्या हात साफ करण्यासाठी ठेवलेला पाटा-वरवंटा नव्हे.

तर वैद्यकीच्या मुलामुलींनो, जरूर जा. चार आठवडे मिळाले तर चार, सहा मिळाले तर सहा. आईवडिलांनो, झेपत असेल तर पाठवा. कर्ज काढून शिक्का विकत आणायला मात्र पाठवू नका. निघण्यापूर्वी आपल्या वॉर्डातल्या एका रोग्याचा न सुटलेला प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, आणि परतल्यावर त्याच पानावर उत्तर लिहिता येते का ते पाहा. आले तर तुमचे भाडे वसूल झाले. बदलापूरच्या स्वारांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. घोडा ताजा हवा, म्हणून ते बदलत. जायचे कुठे, ते मात्र बदलत नसत.