आधी लिऑनी, मग वॉटर्लू

आत्याच्या कपाटातल्या चार इंग्रजी पुस्तकांवर पेन्सिलीने आकडे घातलेले आहेत. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, मराठीत: १, २, ३, ४. त्या कपाटात चारेकशे पुस्तकं तरी असतील, पण दुसऱ्या कशावरही तिने आकडा घातलेला नाही. नगरच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई. पुस्तकावर रेघ मारलेली तिला खपत नसे. या चारांसाठी मात्र तिने स्वतःच नियम मोडला होता.

ती चारही पुस्तकं जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची. ‘दीज ओल्ड शेड्स’ १९२६ सालचं, ‘डेव्हिल्स कब’ १९३२चं, ‘रीजन्सी बक’ १९३५चं आणि ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ १९३७चं. तिसरा जॉर्ज राज्य करायच्या स्थितीत राहिला नाही, तेव्हा १८११ ते १८२० या काळात युवराजाने त्याच्या वतीने कारभार पाहिला. तो इंग्लंडचा रीजन्सी काळ. या काळातल्या प्रेमकथांचं आज मोठं पीक येतं. त्याची पेरणी हेयरने केली. आत्याच्या चारांतली पहिली दोन पुस्तकं खरं तर त्याच्याही आधीच्या काळातली आहेत, पण माणसं त्यांतून पुढे चालत येतात.

मी चौथं पुस्तक आधी वाचलं. पुण्यात एम.ए. करत होते, अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते दिसलं, आणि लेखिकेचं नाव आत्याच्या तोंडून ऐकलेलं होतं म्हणून उचललं. लग्नघरात शेवटच्या पंगतीला पोचावं तसं झालं. १८१५ सालचं ब्रसेल्स, नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून परत आलेला, दिवाणखान्यात इंग्रज सरदार-दरकदारांची गर्दी. सगळे एकमेकांना ओळखत होते. ज्युडिथ नावाच्या बाईंकडे लोक कौतुकाने का पाहतात, बार्बरा चाइल्ड या तरुण विधवेच्या घराण्याचं नाव निघालं की भुवया का उंचावतात, मला काही उमगत नव्हतं. पुढे प्रकरणंच्या प्रकरणं वॉटर्लूची लढाई. पुस्तक संपवलं आणि हॉस्टेलच्या कपाटात मागे ढकलून दिलं.

सुट्टीत नगरला गेले तेव्हा आत्याला म्हटलं, तुझी हेयर मला नाही आवडली. तिने कोणतं वाचलंस ते विचारलं. मी नाव सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, पणतीला भेटलीस आणि पणजीची ओळखच नाही करून घेतलीस.”

तेव्हा ते मी मनावर घेतलं नाही. त्यानंतर वीस-बावीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढलं. कडेकडेचं दिसायचं, पण समोरची ओळ दिसेना. पावसाळ्यात मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेले. पहिल्याच संध्याकाळी तिने चहा घेता घेता सांगितलं, “कपाटातलं एक नंबरचं काढ. रोज दोन प्रकरणं. आणि मधलं काही गाळायचं नाही.”

एक नंबरचं म्हणजे ‘दीज ओल्ड शेड्स’. पंधराव्या लुईच्या काळातलं पॅरिस. जस्टिन अ‍ॅलस्टेअर, एव्हनचा ड्यूक, थंड डोक्याचा आणि बदनाम माणूस. एका रात्री गल्लीत त्याच्यावर एक तांबड्या केसांचा पोरगा येऊन आदळतो. ड्यूक अंगावरचं रत्न देऊन त्या पोराला त्याच्या भावाकडून विकतच घेतो. तो पोरगा म्हणजे लिऑनी, मुलाच्या वेशातली मुलगी. ते तांबडे केस आणि काळ्या भुवया ड्यूकने उगाच हेरलेल्या नसतात. एका जुन्या वैऱ्याचा हिशेब त्यात दडलेला असतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये सार्वत्रिक संप चालू होता, त्यात हे पुस्तक आलं. जाहिरात नाही, परीक्षणं नाहीत, तरी ते धडाक्याने खपलं. प्रसिद्धीवाचून पुस्तक खपतं हे कळल्यावर हेयरने पुढे जन्मभर मुलाखती दिल्या नाहीत.

आत्या डोळे मिटून ऐकायची. लिऑनी बोलताना मध्येच फ्रेंच शब्द टाकते, तिथे माझा उच्चार चुकला की आत्या पुन्हा म्हणायला लावायची.

मग दोन नंबर. चोवीस वर्षं उलटली आहेत. ड्यूक आणि लिऑनी यांचा मुलगा डॉमिनिक बापाच्या वळणावर गेलेला. एका मुलीला तो फूस लावून पॅरिसला न्यायला निघतो, आणि तिची अब्रू वाचवायला तिची थोरली बहीण मेरी चॅलनर तिच्या जागी गाडीत जाऊन बसते. समुद्र ओलांडून दिएपला पोचल्यावर डॉमिनिक अंगावर येतो तेव्हा ही शांत, व्यवहारी मुलगी त्याच्याच पिस्तुलाने त्याच्यावर गोळी झाडते. माझ्या मते हेयरच्या सगळ्या नायिकांत मेरी पहिली.

पण मला सांगायचं आहे ते सराईतल्या प्रसंगाबद्दल. मेरी डॉमिनिकपासून पळालेली आहे, जवळ पैसा नाही. फ्रान्समधल्या एका सराईत तिला एक वयस्क इंग्रज गृहस्थ भेटतात. अदबीने चौकशी करतात, जेवायला बोलावतात. तिला ते भले वाटतात आणि ती कुणाचं नाव न घेता आपली सगळी हकीकत सांगते. ते मधूनच एखादा प्रश्न विचारतात, अगदी हळू, शब्द तोलून.

मी वाचत होते आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या अंगावर काटा आला. आत्याने डोळे उघडले. “ओळखलंस ना?”

ओळखलं होतं. आदल्या पंधरवड्यात तो आवाज मी रोज मोठ्याने वाचला होता. पॅरिसच्या गल्लीत लिऑनीला विकत घेणारा तो हाच. मेरी आपल्या होणाऱ्या सासऱ्यापुढे बसून त्याच्याच मुलाची गाऱ्हाणी सांगते आहे. तिला ते माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. पहिलं पुस्तक न वाचता इथे येणाऱ्याला हा एक चलाख म्हातारा भेटतो, एवढंच. मग त्या प्रसंगातला जीवच जातो. पेन्सिलीचे ते आकडे कशासाठी होते ते मला त्या संध्याकाळी कळलं.

तीन नंबरबद्दल आत्याचं आणि माझं एकमत झालं की ते चारांत कमकुवत आहे. ‘रीजन्सी बक’मध्ये घराणंच वेगळं. ज्युडिथ टॅव्हर्नर आणि तिचा भाऊ यॉर्कशायरहून लंडनला येतात, आणि त्यांचा पालक निघतो अर्ल ऑफ वर्थ, सुरुवातीलाच तिच्याशी अतिप्रसंग करणारा. तो शेवटपर्यंत मला सोसला नाही. पण थिसल्टन गॅपची १८११ची मुष्टियुद्धाची झुंज, ब्रायटनच्या रस्त्यावर भावाशी लावलेली गाड्यांची शर्यत, छानछोकीसाठी गाजलेल्या ब्यू ब्रमेलच्या बोलण्याची ढब, हे सगळं त्यात आहे. हे पुस्तक गाळा असं काही जण सांगतात. गाळू नका. चौथ्यात वाचक ब्रसेल्समध्ये शिरतो तो ज्युडिथच्या दिवाणखान्यातून, आणि बार्बराच्या प्रेमात पडतो तो वर्थचा भाऊ चार्ल्स. दोन घराण्यांच्या नद्या तिथे मिळतात. हेयरचं अगदी पहिलं पुस्तक, १९२१चं ‘द ब्लॅक मॉथ’, त्याला मात्र आत्याने आकडा घातला नव्हता. त्यातला दुष्ट ड्यूकच पुढे नाव बदलून एव्हन झाला. आधी वाचलं तर नावं जुळवत बसण्यात लिऑनी निसटते. चारही झाल्यावर वाचावं.

चार नंबर सुरू झालं आणि आत्या उशीला टेकून ताठ बसली. त्यातला इंग्रज सेनापती वेलिंग्टन आला की म्हणायची, “हा आपला वेलस्ली.” शाळेत ती हेच शिकवायची: ऑगस्ट १८०३मध्ये आपल्या नगरचा भुईकोट घेतला तो याने, पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, जालन्याकडे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो हाच. म्हातारपणी त्याला त्याची सर्वांत चांगली लढाई कोणती विचारलं, तर त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली. पुस्तकाचं नावही त्याचंच. हाताखालच्या फौजेबद्दल त्याने पत्रात केलेल्या तक्रारीतून घेतलेलं. किल्ल्यापासून मैलभरावर बसून मी त्याला रिचमंडच्या डचेसच्या बॉलमध्ये पाहुण्यांशी हसताना वाचत होते. बावीस वर्षांची असताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बार्बरा आली, तिचे लालभडक केस आले. मी थांबले.

“लिऑनीचे,” आत्या म्हणाली.

पुस्तक बरंच पुढे गेल्यावर ब्रसेल्समध्ये एक म्हातारं जोडपं येतं: एव्हनचे ड्यूक आणि डचेस, बार्बराचे आजी-आजोबा. डॉमिनिक आणि मेरी. मी कागदावर मांडून पाहिलं. यांचं लग्न १७८०च्या आसपासचं, आणि १८१५ साली त्यांची नात विधवा, तिच्याहून मोठा एक भाऊ. पस्तीस वर्षांत दोन पिढ्या बसत नाहीत. आणि ही लेखिका तर कपडे, गाड्या, भाषा यांच्या टिपणवह्या ठेवणारी, वॉटर्लूचा तास न् तास तपासून लिहिणारी.

“बसतच नाही,” आत्या म्हणाली. “मीही तेव्हा फळ्यावर मांडून पाहिलं होतं. तिला मेरी म्हातारी झालेली बघायची होती गं. मलाही.”

लढाईच्या दिवशी तिने मला खाटेवर बसायला सांगितलं. चादरीला एक लांब चुणी पाडली, तो डोंगराचा उंचवटा. वेलस्लीने फौज त्याच्या मागच्या उतारावर ठेवली, म्हणून पलीकडून तोफांना दिसत नव्हती. चष्म्याचं घर म्हणजे हूगोमाँचा वाडा, ते तिने चुणीच्या पुढे, उजव्या हाताला ठेवलं. बोटांनी चाचपून सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं.

बार्बराचा धाकटा भाऊ हॅरी, मिसरूड फुटायच्या वयाचा, त्या फौजेत आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हाचा हॅरी मला आठवतच नव्हता, इतक्या नावांतलं एक नाव. आता तो मेरीचा नातू होता.

“त्याचं पान आलं की आधी सांग,” आत्या म्हणाली.

पान आलं तेव्हा मी सांगितलं. तिने चादरीवरचं चष्म्याचं घर उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “हं. वाच.”