पोवळ्याचे दुखणे

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररोग्यांची टिपणे जतन केलेली आहेत. 1798 ते 1832 पर्यंत गादीवर असलेल्या या मराठी राजाला ग्रंथांइतकीच वैद्यकाचीही ओढ होती. या टिपणांत रोग्याचे दुखणे व त्यावरील इलाज यांच्यासोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. आधी नीट पाहायचे, पाहिलेले नोंदवायचे आणि मग औषधाला हात घालायचा, अशी ही रीत.

याच राजाने तंजावरच्या किनाऱ्यावर मल्लिपट्टिणमजवळ मनोरा नावाची उंच वास्तू बांधली. तिच्यासमोर पाल्कचा उपसागर आहे. रामेश्वरमच्या पलीकडे, दक्षिणेस, मन्नारचे आखात. या आखातातील 21 बेटांभोवती प्रवाळांच्या रांगा आहेत आणि 1986 पासून तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. अंगठीत बसवतात ते तांबडे पोवळे मात्र निराळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. येथले प्रवाळ उथळ, उबदार पाण्यात खडक रचणारे. पाहणाऱ्याला दगड वाटावा, असा हा जीव. तो आजारी पडला, तर कळावे कसे?

पहिली खूण रंगाची. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. त्याचा बराचसा रंगही त्यांच्यामुळेच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा दिसू लागतो. 2010 आणि 2016 च्या उन्हाळ्यांत मन्नारच्या आखातात असेच घडले. परंतु पांढरा पडला म्हणजे मेला, असे नव्हे. पारदर्शक कातडीखालचा सांगाडा दिसत असतो इतकेच; पाणी वेळेत निवले, तर शैवाल पुन्हा वस्तीला येतात. सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढले, की समजावे, तेथला जीव गेला.

दुसरे दुखणे याहून फसवे. रंग शाबूत असतो, पण बुंध्यापासून कातडी सोलल्यासारखी सुटत जाते. प्रवाळांच्या काचटाकीत हे दिसले, की राखणदाराचा जीव कासावीस होतो आणि तो एकाच दिवशी दिवा, मीठ, औषध सारे बदलून टाकतो. पुष्कळदा प्रवाळ दुखण्यापेक्षा अशा घाईनेच दगावतो. जाणता मनुष्य आधी उष्णतामापक पाहतो, मग क्षारमापक. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ मागे उरते. म्हणून रोजची घट मिठाच्या पाण्याने नव्हे, शुद्ध गोड पाण्याने भरायची असते. ही साधी गोष्ट चुकली, की खारटपणा नकळत चढत जातो. मग दिवा नुकताच बदलला होता का, शेजारचा प्रवाळ रात्री दंशतंतू पसरून याला भाजतो आहे का, हे तो पाहतो. एका वेळी एकच गोष्ट, तीही हळूहळू बदलतो आणि दिवस घालून लिहून ठेवतो. झड थांबलीच नाही, तर निरोगी शेंडा कापून निराळ्या दगडावर चिकटवतो. फांदी लावून गुलाब जगवावा, तसेच हे.

भारतात असा प्रवाळ हौसेने घरी ठेवता येत नाही. 2001 मध्ये खडक रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. त्यापूर्वी मन्नारच्या आखातातून चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून होड्या भरभरून नेले जात. आज फांदी लावण्याचे तेच काम प्रत्यक्ष समुद्रात चालते. तूतुकुडी येथील सुगंधी देवदासन सागरी संशोधन संस्थेने 2002 पासून ते हाती घेतले. निरोगी वसाहतीतील लहान तुकडे सिमेंटच्या आधारांवर बांधून उजाड झालेल्या तळावर ठेवायचे आणि ठरावीक काळाने पाण्यात उतरून त्यांची वाढ मोजायची.

बुडी मारणाऱ्याजवळ पाण्यात न भिजणारी पाटी आणि पेन्सिल असते. तुकड्याचा क्रमांक, त्याची लांबी, त्याचा रंग. मागच्या खेपेचे छायाचित्र शेजारी ठेवून तो पाहतो: पांढरा डाग तेवढाच आहे, की पसरला?