आंबा घाटापूर्वीची टिकटिक

कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर मलकापूर सोडले की पावसाळ्यात धुके दाटू लागते. पुढे आंबा गाव आणि त्यानंतर साखरप्याकडे उतरणारा वळणावळणाचा घाट. धुक्यात पुढची मोटार कडेला थांबणार आहे, हे मागच्या ट्रकचालकास कळते ते इंडिकेटरवरूनच.

जयसिंगपूरच्या एका व्यापारी कुटुंबाच्या 20 वर्षे जुन्या मोटारीचा डावा इंडिकेटर मलकापुरातच दुप्पट वेगाने टिकटिकू लागला. शेठजींनी फ्लॅशर बदलण्याचे ठरविले. वृद्ध कारागीर म्हणाला, "शेठ, उजवी बाजू नीट चालते, म्हणजे फ्लॅशर चांगला आहे. डावीकडचा एखादा दिवा लागत नसणार."

मागचा डावा दिवा खरोखरच बंद होता. बल्बची तार शाबूत होती; होल्डरमध्ये मात्र पाणी शिरून हिरवट गंज चढला होता. पॉलिश पेपरने होल्डर व अर्थिंगची जागा घासताच दिवा उजळला आणि टिकटिक पूर्ववत झाली.

नवा फ्लॅशर विकून त्याला चार पैसे अधिक मिळाले असते; त्याने केवळ मजुरी घेतली. घाटापूर्वी खाली उतरून चारही इंडिकेटर पाहावयाचे, हा नेम त्या कुटुंबाने तेव्हापासून पाळला आहे.