कमला सोहोनी : नकारापलीकडचे संशोधन

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. अर्जदार स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी बंगळूर गाठून या नकाराचा जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला; पण पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नव्हती.

ही हकिकत अनेकांना ठाऊक असते. प्रयोगशाळेत त्यांनी काय शोधले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पेशी अन्नातील ऊर्जा एका झटक्यात मोकळी करीत नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात प्राणवायूपर्यंत पोहोचतात. त्या वाटेवरच पेशीला ऊर्जा मिळते. सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन अशा वाहकांपैकी एक. केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांचे महत्त्व पुढे आणले होते. पुढे त्याच केंब्रिजमध्ये, बटाट्यावर काम करताना, कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींतील सायटोक्रोम सी दाखवून दिले. रॉबिन हिल यांच्यासमवेत लिहिलेले त्यांचे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पीएच.डी.ही त्याच वर्षी मिळाली. प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता.

या शोधाचा अर्थ मोठा आहे. जमिनीखाली निश्चल पडलेला बटाटा आणि औत ओढणारा बैल, दोघांच्याही पेशी ऊर्जेसाठी मुळात एकाच प्रकारची यंत्रणा वापरतात.

मायदेशी परतल्यावर, मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांसारख्या सामान्यांच्या आहाराकडे लक्ष वळवले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. त्यांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह केला. तूर, मूग, सोयाबीन पिकवणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यात हा विषय परका नाही. डाळ नीट शिजवण्याच्या घरोघरच्या रीतीमागे हेच रसायन आहे, कारण उष्णतेने हे घटक बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात.

१९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असा त्यांचा उल्लेख होतो. तो गौरवाचाच आहे. पण अपुरा आहे. रामन यांच्या नकाराची आठवण ठेवताना बटाट्यातल्या त्या प्रथिनाचीही ठेवली, तरच कमलाबाईंना शास्त्रज्ञ म्हणून न्याय मिळेल.